कोंबडी शिंकली तर आधी खुराडं हुंगा

कोंबडी शिंकते, हे न पाळणाऱ्यांना खरं वाटत नाही. आवाज बारीक आणि कोरडा असतो. ‘छिक्’ झालं की ती मान झटकते, चोच जमिनीवर घासते आणि पुन्हा दाणे टिपायला लागते. दिवसातून एखाददुसरी शिंक म्हणजे काहीच नाही. दाण्यातला भुगा नाकात गेला, धुळीत लोळताना माती उडाली, संपलं. लक्ष द्यावं लागतं ते तीन-चार जणी एकदम शिंकायला लागल्या तर.

आम्ही जबलपूरच्या विजय नगरात राहतो. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी बोचरी. रात्री पारा दहाच्या खाली सहज उतरतो. आमच्या सासूबाईंच्या लेखी थंडीवर एकच उपाय, सगळं गच्च बंद करणं. त्यामुळे दर हिवाळ्यात परसातल्या खुराड्याला चारी बाजूंनी पन्नी लागायची. आणि दर हिवाळ्यात कोंबड्या पहाटे शिंकायच्या, ऊन वर आलं की बऱ्या व्हायच्या. शेजारच्या भाभी म्हणायच्या, “जुकाम है, हल्दी दे दो.” हळद दिली जायची, लसूण ठेचून दिला जायचा, संध्याकाळी गोवऱ्यांची धुनीही व्हायची. हळद-लसणाने बिघडत काही नाही, पण धुराने शिंका वाढायच्या.

उत्तर खरं तर त्या वेळेतच होतं. रात्रभर कोंडल्यावर शिंका, मोकळं सोडलं की बंद. रोग सहसा अशी वेळ पाळत नाही. एका सकाळी पन्नी काढण्याआधी मी खुराड्याच्या दाराशी उकिडवी बसले आणि डोकं कोंबडीच्या उंचीला नेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उभं राहिल्यावर तोच वास जेमतेम जाणवत होता. कोंबड्या मात्र रात्रभर त्यातच बसलेल्या.

तो वास अमोनियाचा. कोंबडीची लघवी वेगळी पडत नाही, विष्ठेबरोबरच पडते. तिच्यातल्या युरिक आम्लाचा खुराड्यात अंथरलेल्या तुसाच्या ओल्या गादीत जिवाणू अमोनिया करतात. कोंबडीच्या श्वासनळीत आतून सूक्ष्म रोमक असतात. धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर टाकणं हे त्यांचं काम, आणि अमोनियाने ते लुळे पडतात. मग एरवी निघून गेले असते ते जंतू तिथेच बस्तान मांडतात. म्हणजे नुसत्या वासाने सुरू झालेली शिंक पुढे खऱ्या आजाराला दार उघडून देते. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही वरची मर्यादा धरतात. त्यासाठी यंत्र लागत नाही. बाहेरून आल्या आल्या खाली बसून हुंगावं, कारण आत थोडा वेळ थांबलं की आपल्या नाकालाही सवय होते.

आता आम्ही पन्नी खालच्या भागालाच लावतो. वर छपराखाली हातभर जागा मोकळी, जाळी लावलेली. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. पण पिसं फुलवून बसलेली धडधाकट कोंबडी थंडी बरीच सोसते. तिला सोसत नाही ती ओल आणि थेट अंगावर येणारा वारा. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी सगळ्यात आधी भिजते, तेवढी उपसून तिथे कोरडं तूस टाकायचं. ओल्या गादीवर चुना भुरभुरायची रीत पुष्कळ घरांत आहे. चुन्याने अमोनिया उलट जोराने सुटतो, म्हणून कोंबड्या आत असताना ते करू नये. तूस किंवा भुसा बुरशीच्या वासाचा असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, बुरशीचे कण थेट फुप्फुसात जातात.

इतकं करूनही शिंका थांबल्या नाहीत, तर मग आजाराचा विचार. तिथे मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की घरात नवीन कोण आलं?

आमच्याकडे आल्या होत्या दोन तलंगा. भाऊजींनी आठवडी बाजारातून हौसेने आणल्या आणि संध्याकाळी थेट खुराड्यात सोडल्या. एकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाचा असावा तसा फेस होता. थोड्याच दिवसांत जुन्या कोंबड्यांची तोंडं सुजली, एकीचा डोळा पार मिटला, नाकपुड्यांवर दाणे चिकटून राहायला लागले आणि जवळ गेलं की कुजका वास यायचा. अंडी जवळजवळ बंद झाली. औषधाच्या दुकानात भाऊजींना एकही प्रश्न न विचारता अँटिबायोटिकची पुडी मिळाली, “पाण्यात टाका” एवढ्या सूचनेवर. पुडीने सूज उतरल्यासारखी वाटली, पुडी संपली तशी परत आली. एक कोंबडी गेली. शेवटी पशुवैद्यांना दाखवलं तेव्हा निदान झालं कोरायझाचं, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या सांसर्गिक सर्दीचं. मग ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस औषध दिलं.

कोरायझा काय किंवा सीआरडी म्हणतात तो मायकोप्लाझ्माचा जुनाट आजार काय, औषधाने लक्षणं जातात, पण बरी झालेली कोंबडी जंतू बाळगून राहू शकते. मायकोप्लाझ्मा तर अंड्यातून पिलातही उतरतो. तेव्हा अशा कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. नवीन पक्षी आणलाच तर तीन-चार आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या डालग्याखाली. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. भांडी वेगळी, चप्पलही वेगळी.

पुडीबद्दल आणखी थोडं. राणीखेत किंवा ब्राँकायटिस हे आजार विषाणूंचे. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. औषध चालू असताना आणि नंतरही ठरावीक दिवस अंडी खायची नसतात. किती दिवस, हे औषधागणिक बदलतं, म्हणून लिहून घ्या. दुकानात जुना साठा निघाला तर कोलिस्टिन हे नाव पुडीवर शोधा. माणसांवरच्या उपचारातलं ते शेवटच्या फळीचं औषध, म्हणून केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरं आणि कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली आहे.

आमच्या खुराड्यात कडकनाथ आहेत. मध्य प्रदेशात हौशी माणूस बहुधा तिथेच येतो. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आजार ओळखताना ती फसवते. तुरा निळा-जांभळा पडणं ही श्वास अपुरा पडल्याची नेहमीची खूण, आणि कडकनाथचा तुरा मुळातच काळा. तिच्या बाबतीत रंगावर जाऊ नका. डोळ्याचा फेस, गालाची सूज, श्वासाबरोबर हलणारी शेपटी बघा. रात्री सगळ्या बसल्या की बत्ती न लावता खुराड्याशी कान द्या. दिवसा न कळणारी घरघर तेव्हा स्वच्छ ऐकू येते.

चोच उघडी टाकून श्वास, हिरवी हगवण, मान पिरगळणं यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा. ती राणीखेत असू शकते. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणतात ते या मान पिरगळण्यावरूनच. आणि पटापट मर लागली तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका, कापून तर मुळीच बघू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, आणि २०२१ च्या सुरुवातीला इंदूरच्या मेलेल्या कावळ्यांत एच५एन८ विषाणू निघाला. तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. आपलं काम फक्त पशुपालन विभागाला कळवण्याचं. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते, आणि आम्हा जबलपूरकरांना तर शहरातच नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ आहे.

शिंकणारी कोंबडी स्वस्तात विकून मोकळं होण्याचा मोह होतो. बाजारातून आमच्याकडे आलेल्या त्या दोघी कोणाच्या तरी अशाच मोहातून आल्या असाव्यात. विकू नका, पाहुण्यांना भेटही देऊ नका.

आजार आधीच टाळायचा तर राणीखेतची लस आहे. ती पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर२बी या लसीची सुई. अडचण अशी की कुपी सहसा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, बर्फातून आणावी लागते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही, म्हणून परसातल्या कोंबड्या लसीवाचून राहतात. तेव्हा आपल्या गल्लीत, मागच्या वस्तीत, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी कोण कोंबड्या पाळतं ते विचारा, एक सकाळ ठरवा आणि वर्गणी काढून एकच कुपी आणा.