विद्युत्-वाहनांचे दुतर्फा चार्जर : रचना व दक्षता

भुसार मालाच्या धंद्यात वाहतूक-खर्चाचे महत्त्व व्यापारी बंधूंस सांगणे नलगे. बीदरच्या गांधी गंजातून अथवा कलबुर्गीच्या नेहरू गंजातून डाळमिलीपर्यंत होणाऱ्या जवळच्या फेऱ्यांस विजेवर चालणारी तीनचाकी सोयीची आहे. कर्नाटक सरकारने 2017 साली विद्युत्-वाहनांचे धोरण जाहीर केले. बीदरलगतच्या जहीराबाद येथे अशा वाहनांच्या उत्पादनासाठी महिंद्रा कंपनीने 2023 साली तेलंगण सरकारशी करार केला. यापुढील पायरी म्हणजे दुतर्फा चार्जर. तो बॅटरी भरतो, आणि वीज गेल्यास त्याच बॅटरीतून पेढीस वीज परत देतो. यास्तव त्याचे मर्म जाणणे अगत्याचे होय.

या यंत्राचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा 230 व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे सुमारे 400 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. साधे डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून येथे दोन्ही दिशांनी चालणारे स्विच योजावे लागतात. दुसऱ्या टप्प्यात चार-चार स्विचांचे दोन पूल असून त्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनातून निघालेली ही रचना डी डॉन्कर, दिवाण व खेरालूवाला यांनी 1991 साली सविस्तर प्रसिद्ध केली.

दोन्ही पूल समान गतीने उघडझाप करतात. ज्याची उघडझाप किंचित आधी होते तो वीज देतो, मागचा घेतो. क्रम उलटला की देणारा घेणारा होतो. यंत्र तेच, जमा आणि नावे यांची बाजू मात्र बदलते.

उदाहरणार्थ, 48 व्होल्टच्या बॅटरीसाठी 3 किलोवॅटचा चार्जर घेऊ. 400 भागिले 48, म्हणजे वेढ्यांचे प्रमाण 25 : 3. घराच्या विजेची आवर्तने सेकंदास 50. येथे 1 लाख ठेवल्यास ट्रान्सफॉर्मर पुष्कळच लहान होतो. दोन पुलांतील अंतर आवर्तनाचा बारावा हिस्सा, म्हणजे 30 अंश धरल्यास 400 व्होल्टच्या बाजूस सुमारे 37 मायक्रोहेन्रीचे वेटोळे लागते. बॅटरीकडील प्रवाह मात्र 62 अँपिअरांहून अधिक होतो; त्या बाजूच्या तारा व जोड तितके सशक्त हवेत. बॅटरीचा दाब भरताना चढतो, रिकामी होताना उतरतो. म्हणून वेढ्यांचे प्रमाण मधल्या दाबास अनुसरून ठरवावे; अन्यथा निष्फळ प्रवाह फिरत राहून स्विच तापतात.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तारेचा जोड नसतो. वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. यालाच विलगता म्हणतात. ती नसल्यास बॅटरी थेट मेन लाइनशी जोडलेली राहते. अशा वेळी वाहनाच्या सांगाड्यात गळती झाली व अर्थिंग सदोष असले, तर पोती उतरविणाऱ्या हमालास प्राणघातक धक्का बसू शकतो.

परंतु केवळ विलगतेवर विसंबू नये. विलगता हमालास राखते, खांबावरील लाइनमनला नव्हे. वीज बंद आहे असे समजून तो काम करीत असता आपल्या बॅटरीची वीज लाइनवर गेली, तर अनर्थ ओढवेल. म्हणून पुरवठा जाताच यंत्राने लाइनपासून स्वतः तुटले पाहिजे आणि मगच पेढीस वीज दिली पाहिजे.

खरेदीपूर्वी विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावेत : ट्रान्सफॉर्मरची विलगता आहे काय? पुरवठा जाताच यंत्र लाइन सोडते काय? पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या ए.आय.एस. 138 या चार्जरविषयक मानकानुसार त्याची तपासणी झाली आहे काय? लाइनला वीज परत देण्यापूर्वी जेस्कॉमची लेखी परवानगीही घ्यावी. किमतीत थोडी बचत करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा व्यापार नव्हे.