‘पेडल मेलंय’ म्हणून ग्राहक आला, तर आधी सप्लाय तपासा

व्हिडिओत आपण इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या धंद्याचं गणित पाहिलं. आज त्यातलंच एक काम नीट समजून घेऊ: गिटारचं जुनं इफेक्ट पेडल चालू होत नाही, तेव्हा काय करायचं?

तुम्ही म्हणाल, भडगावात गिटार पेडलवाले असे किती? थोडेच. पण हे काम कुरिअरनं जळगाव, धुळे, नाशिककडूनही येऊ शकतं. शिवाय बँडवाल्याचा कीबोर्ड असो की मंडळाचा छोटा मिक्सर, सप्लाय तपासायची रीत तीच. आणि जुनं पेडल महाग असतं, बाजारात सहज मिळत नाही. एक चुकीचा प्रयोग केला की ग्राहकही गेला आणि नावही गेलं.

पायरी १: पेडल उघडू नका, विचारा

कोणता अडॅप्टर लावला होता? बॅटरीवर चालतं का? बंद पडण्याआधी काय झालं? बऱ्याचदा उत्तर इथंच सापडतं. घरातल्या वाय-फाय राऊटरचा अडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनमध्ये आतली बाजू प्लस असते. बहुतेक पेडलना मात्र ९ व्होल्ट लागतात आणि आतली बाजू मायनस. पिन मात्र सहज बसते! म्हणून ‘बसली म्हणजे चालेल’ हा समज डोक्यातून काढा.

पायरी २: बाहेरून तपासा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. अडॅप्टरचे व्होल्ट मोजा, प्लस-मायनस बघा. मग अडॅप्टर काढून नवी ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि इनपुटमध्ये गिटारची केबल घाला. केबल का? बहुतेक पेडलमध्ये इनपुटचा जॅकच बॅटरीचा स्विच असतो. केबल नसेल तर बॅटरीचं सर्किट पूर्णच होत नाही. उलट, रात्रभर केबल लावून ठेवली तर बॅटरी उतरते. हे ग्राहकाला समजावून सांगा.

बॅटरीवर चालतं, अडॅप्टरवर नाही? मग दोष अडॅप्टरमध्ये किंवा पेडलच्या पॉवर सॉकेटमध्ये.

इथं एक खुबी आहे. बॉस कंपनीच्या जुन्या पेडलवर ‘एसीए’ अडॅप्टर लिहिलेला असतो, नव्यावर ‘पीएसए’. एसीए अनरेग्युलेटेड, म्हणजे लेबलवर ९ असले तरी प्रत्यक्षात जास्त व्होल्ट देतो. ते खाली आणायला पेडलमध्ये वेगळे भाग बसवलेले असतात. अशा पेडलला आजचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की एलईडी मंद पेटतो, आवाज दबतो. बॅटरीवर मात्र छान चालतं. डीएस-१ हे पेडल १९७८ पासून बनतंय. नाव एकच, पण जुन्याला एक अडॅप्टर आणि नव्याला दुसरा. अशा वेळी पेडल बिघडलेलंच नसतं. उघडून पार्ट बदलाल तर ग्राहकाचे पैसे फुकट घालवाल.

पायरी ३: आता उघडा

आधी फोटो काढा, बॅटरी आणि अडॅप्टर काढा. बॅटरीच्या टोपीची वायर तुटली आहे का, गंज आहे का, सॉकेटच्या डागाला चीर आहे का, बघा. मग सॉकेटजवळचा संरक्षण डायोड तपासा. कुणी उलटा सप्लाय दिला की अनेक पेडलमध्ये हाच डायोड शॉर्ट होऊन बाकीचं सर्किट वाचवतो. मीटर दोन्ही बाजूंनी वाजला तर त्याचा एक पाय सोडवून पुन्हा खात्री करा. डायोड काही रुपयांचाच असतो. घरघर येत असेल तर सप्लायचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला असू शकतो.

पहिल्यांदा सप्लाय देताना १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. साध्या अॅनालॉग पेडलमध्ये त्यावर साधारण १ व्होल्टच्या आसपास किंवा कमी पडतात, म्हणजे सुमारे १० मिलिअँपिअर. जवळजवळ सगळे ९ व्होल्ट त्यावरच पडले, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

आणखी एक धोका: १९६६ च्या फझ फेससारख्या जर्मेनियम पेडलमध्ये अनेकदा ग्राउंड प्लसला असतो. एकाच अडॅप्टरवरून ते आणि साधं पेडल चालवलं की शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्यायला सांगा.

धंद्याची गोष्ट

पाच रुपयांचा डायोड बदलून तुम्ही पाचशे कसे घेणार? डायोडचे नाही, निदानाचे घ्यायचे! म्हणून तपासणीचा दर आधीच पाटीवर लिहा, आणि काम करायचं की नाही हे ग्राहकाला ठरवू द्या. जॉबकार्डवर तीन आकडे लिहा: अडॅप्टरचे व्होल्ट, बॅटरीचे व्होल्ट, रेझिस्टरवरचे व्होल्ट. काढलेला जुना पार्ट पुडीत घालून परत द्या. जुन्या पेडलला मूळ भागांमुळेही किंमत असते. आणि बिघाड फक्त अडॅप्टरचा निघाला, तर तसंच सांगा. तपासणीचे पैसे घ्या, पेडल न उघडता परत करा. हाच ग्राहक पुढचे चार घेऊन येतो.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातले सगळे अडॅप्टर गोळा करा, प्रत्येकाचे व्होल्ट आणि प्लस-मायनस मोजा, चिठ्ठी लिहून चिकटवा. पहिल्या ग्राहकाआधी ही सवय अंगवळणी पडली पाहिजे. भेटू पुढच्या धड्यात!