टीईटी राहिली, आता पेपर उघड

अगं, आई सांगत होती, शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) निकाल लागल्यापासून तू मूलच्या बाजारातसुद्धा जात नाहीस, कुणी विचारेल म्हणून. विचारू दे. ‘राहिली, पुढच्या वेळी काढते’ म्हणायचं आणि पुढे चालायचं.

परीक्षेला पन्नाशीकडे झुकलेले गुरुजीही होते ना? सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं भाग आहे. वर्षानुवर्षं शिकवणारेही धास्तावलेत. तेव्हा परीक्षेच्या निकालावरून स्वतःची अक्कल मोजू नको.

नवी पुस्तकं, चंद्रपूरचा क्लास सध्या राहू दे. परीक्षा परिषदेची उत्तरसूची शेजारी ठेव आणि हाच पेपर तपास. पाच विषय, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला १५०पैकी ९० हवेत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिही: येतच नव्हतं, घाईत चुकलं, की वेळ संपला? चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं राखायची आणि एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

तुला धसका गणिताचा आहे, पण बालमानसशास्त्राकडे नीट बघ. पियाजे, वायगॉट्स्कीचे सिद्धांत तू पाठ केलेस. प्रश्न मात्र वर्गातले येतात. पहिलीतलं पोरगं घरची झाडीबोली किंवा गोंडी बोललं, तर बाईंनी काय करावं? ‘लगेच सुधारावं’ हा पर्याय आपल्याला बरोबर वाटतो, कारण आपल्यालाही तसंच टोकलं गेलं. उत्तर असतं ते त्या बोलीला वर्गात जागा देण्याचं, तिच्या आधारानं पुढे नेण्याचं. अशी पोरं आपल्या मूल-सावलीच्या शाळांत रोज भेटतात. ओळखीच्या बाईंना विचारून चार दिवस त्यांच्या वर्गात मागे बस. मग पर्याय वाचताना बघ, यातला पोराच्या बाजूचा कोणता.

टीईटीनं लगेच नोकरी मिळत नाही; पुढे अभियोग्यता चाचणी आहे, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आहे. पण २०२१पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. एकदाच काढायचंय, तर घाईनं कशाला?

रविवारी पेपर घेऊन ये. बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न दोघी मिळून बघू. गणित जेवल्यावर.