उपखंडांतील देश व त्यांचें पाणी

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका व मालदीव हे सात देश मिळून आपलें उपखंड होतें. शेवटच्या दोहोंस समुद्रानें वेगळें केलें आहे. उरलेल्या पांचांच्या सीमा पाणी जुमानीत नाहीं. सिंधु, गंगा व ब्रह्मपुत्रा ह्या हिमालयाच्या व तिबेटच्या बर्फावर आणि पावसावर पोसतात. त्यांच्या गाळाचें मैदान सिंधपासून बंगालपर्यंत पसरलें आहे. आपल्या कृष्णा-गोदावरींस बर्फाचा आधार नाहीं, म्हणून त्या उन्हाळ्यांत रोडावतात.

जमिनीची वाटणी मोजणीच्या सांखळीनें होते. पाटाची तशी होत नाहीं, हें खातेदारांस सांगावयास नको. १९४७ सालीं पंजाबांत हेंच झालें. माधोपूर व फिरोजपूर येथील बंधारे भारतांत राहिले आणि त्यांवर भिजणारी पुष्कळशी जमीन पाकिस्तानांत गेली. १ एप्रिल १९४८ रोजीं, खरिपाच्या तोंडावर, पूर्व पंजाबानें पलीकडचें पाणी बंद केलें. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास ह्याचा अर्थ निराळा समजाविण्याचें कारण नाहीं. ४ मे रोजीं दिल्लीस तात्पुरता समझोता झाला. पुढें १९ सप्टेंबर १९६० रोजीं कराचीस जागतिक बँकेच्या मध्यस्थीनें करार होऊन रावी, बियास व सतलज भारतास, आणि सिंधु, झेलम व चिनाब मुख्यतः पाकिस्तानास मिळाल्या. तो करार स्थगित केल्याचें भारतानें एप्रिल २०२५ मध्यें जाहीर केलें.

पूर्वेस गंगेची वाटणी भारत व बांगलादेश यांनीं १९९६ सालीं तीस वर्षांकरितां ठरविली. तींत जानेवारी ते मे ह्या ओढीच्या दिवसांचे फराक्का येथील पाण्याचे हिशेब दहा-दहा दिवसांचे आहेत. अगदीं आपल्या पाटाच्या पाळीपत्रकासारखे.