तोंडाला वास का येतो?

आपण कुणाशी जवळ बसून बोलतो. समोरचा माणूस हळूच तोंड फिरवतो. असं का बरं? आपल्या तोंडाला वास येत असेल. पण आपला वास आपल्याला कळत नाही, आणि दुसरा भिडेपोटी सांगत नाही.

हा वास येतो कुठून? आपल्याला वाटतं, पोट बिघडलं. पण बहुतेक वेळा वास तोंडातच तयार होतो. जेवणाचे कण दातांच्या फटीत अडकतात. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते या कणांवर जगतात. त्यातून घाण वास सुटतो. जिभेवर मागच्या बाजूला पांढरा थर साचतो. त्यातही हेच जंतू असतात.

लाळ तोंड धुऊन काढते. रात्री झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून सकाळी वास जास्त येतो.

कांदा-लसणाचा वास निराळा. तो रक्तातून फुफ्फुसांत जातो आणि श्वासातून बाहेर पडतो. काही तासांनी तो आपोआप जातो. पण दात किडले किंवा हिरड्यांतून रक्त-पू येऊ लागला, तर वास हटत नाही.

आपल्याकडे कितीतरी बायका मशेरी लावतात. "मशेरीनं दात साफ होतात," असं म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात राखत नाही, हिरड्या खाते. तिची सवय लागते. पुढं तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो. लवंग, बडीशेप चघळली तर वास घटकाभर झाकतो, जात नाही.

मग काय करावं?

१. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा दात घासावे. राख, कोळसा, विटेची पूड वापरू नये. दात झिजतात.
२. रोज जीभ हलक्या हातानं साफ करावी.
३. काहीही खाल्लं की खळखळून चूळ भरावी.
४. दिवसभर पुरेसं पाणी प्यावं.
५. तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी सोडावी.

एवढं करूनही वास गेला नाही, तर दातांच्या डॉक्टरला दाखवावं. कधी टॉन्सिल, नाक किंवा मधुमेह यांमुळंही वास येतो. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर लाजू नये. लगेच दवाखाना गाठावा.

आणि एक गोष्ट. घरातल्या कुणाच्या तोंडाला वास येत असेल, तर चारचौघांत हसू नये. एकट्याला बाजूला घेऊन मायेनं सांगावं. आपण सांगितलं नाही, तर त्याला कळणार कसं?