अंधुक प्रकाशांत अंतराचें मापन

जयसिंगपूरचे रस्ते रुंद व सरळ आखलेले आहेत. अशा एखाद्या रस्त्याच्या टोकाशीं उभें राहून डोळ्यांसमोर बोट धरावें व डावा-उजवा डोळा आळीपाळीनें मिटावा. दूरच्या देखाव्यावर बोट पुष्कळ सरकलेलें दिसतें. वीस पावलांवरील विजेचा खांब जरासाच सरकतो. या सरकण्यावरून मेंदू अंतर ताडतो, हें तत्त्व चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं मांडलें. यंत्रमानवाचे दोन कॅमेरे हेंच काम करितात.

हिशेब व्यस्त त्रैराशिकाचा आहे. समजा, दोन कॅमेऱ्यांत २४ सेंटीमीटर अंतर आहे, आणि ३ मीटरांवरील दगड दोन चित्रांत ८० बिंदूंनीं सरकलेला दिसतो. तोच दगड २४ मीटरांवर नेला तर तो १० च बिंदू सरकेल. आतां ८० च्या जागीं ७९ मोजले तर ४ सेंटीमीटरांची चूक होते. १० च्या जागीं ९ मोजले तर अडीच मीटरांहून अधिक!

परंतु खरी अडचण भागाकाराची नव्हे, ओळख पटविण्याची आहे. डाव्या चित्रांतील अमुक बिंदू उजव्या चित्रांत कोणता, हें यंत्रास भोंवतालच्या उजेड-सावलीच्या खुणांवरूनच शोधावें लागतें. गळिताच्या हंगामांत दिवस मावळतांना समोरून येणारी उसाची गाडी किती दूर आहे, हें आपणांसही नेमकें सांगतां येत नाहीं. कॅमेऱ्याची स्थिति याहून बिकट. प्रकाश कमी झाला कीं खुणा पुसट होतात, आणि दोन्ही चित्रांत निरनिराळे खोटे ठिपके उमटतात. प्रकाश अधिक वेळ आंत घ्यावा तर चालत्या गाडींतून घेतलेलें चित्र फिसकटतें.

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्रावर सुमारें ६९ दक्षिण अक्षांशावर उतरलें. तेथें भर दुपारींही सूर्य क्षितिजावर साधारण २१ अंशच चढतो. त्यामुळें सावल्या लांब, आणि हवा नसल्यामुळें काळ्याकुट्ट. आपल्याकडे सावलींत बसून वाचतां येतें, तें आकाश उजेड पसरवितें म्हणून. २६ किलोग्रॅम वजनाच्या ‘प्रज्ञान’ गाडीचे दोन कॅमेरे इस्रोच्या बेंगळुरू येथील प्रयोगशाळेनें तयार केले होते. २७ ऑगस्ट रोजीं ३ मीटर पुढें ४ मीटर व्यासाचा खड्डा आढळला, आणि गाडीस माघारीं फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्यांत आली. तेथें गाडी कलंडली असती तर खांदा द्यावयास कोण जाणार होतें?

यावर उपाय आहेत. यंत्रानें स्वतःचा दिवा बाळगावा, किंवा कोऱ्या भिंतीवर ठिपक्यांची नक्षी पाडून खुणाच निर्माण कराव्या. मात्र दुप्पट अंतरावर दिव्याचा उजेड चतुर्थांश उरतो. मला अधिक पसंत पडतो तो दुसरा, बिनखर्चाचा उपाय. डावीकडून उजवीकडे बिंदू शोधावा, मग उजवीकडून डावीकडे; दोन उत्तरें जुळलीं नाहींत तर नकाशांत ती जागा कोरी सोडावी. अशी कोरी जागा खड्डाच समजून गाडीनें तिला वळसा घालावा.