लिहिले म्हणून उरले

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली एका शेतकऱ्याच्या घरी बहिणा जन्मली. शाळा तिने पाहिली नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरींच्या घरी आली. ऐन तिशीत नवरा वारला. पदरी तीन लेकरे. शेताचा आणि घराचा भार तिच्यावर पडला.

पण तिचे गाणे थांबले नाही. दळताना सुचे, शेतात राबताना सुचे. बोली घरचीच, खानदेशी. विषयही घरचेच. चूल, पेरणी, माहेर, माणसाचे मन.

गाणे तोंडचे. लिहिणार कोण? बहिणाबाईंना अक्षर येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी आईची गाणी टिपून ठेवली. जशी बोलली तशीच टिपली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले आणि घरोघर गेले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले. शाळा न पाहिलेल्या बाईच्या नावाचे विद्यापीठ!

जे कागदावर आले, ते उरले. बाकीचे वाऱ्यावर गेले.

आता आपल्या गावाकडे पाहू या. पिठाची गिरणी आली, जाते मुके झाले. तरी ओव्या ठाऊक असलेली एखादी आजी अजून आहे. भजनाला स्वतःचे पद जोडणारे एखादे बुवा आहेत. तेही आपल्या गावचे कवीच. ती माणसे गेली की गाणीही गेली. मग हळहळून काय उपयोग?

आपल्याला आता लिहिता येते. ते फक्त सही करण्यापुरते नाही, असे आम्हांला वाटते.

करून पाहा :

१. आजीजवळ बसा. एक ओवी ऐका आणि वहीत लिहा.
२. तिचा शब्द बदलू नका. तो अशुद्ध नाही, तो तिचा आहे.
३. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख घाला.
४. लिहिलेले तिला वाचून दाखवा. चुकले असेल तर ती सांगेल.
५. महिन्यातून एकदा सगळे चावडीवर जमा. वह्या वाचा. ज्यांची गाणी, त्यांना मानाने पुढे बसवा.